आर्नोल्ड रुटेल यांना संधिसाधू म्हणावे का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: एस्टोनियाचे आर्नोल्ड रुटेल १९८३ पासून सोव्हिएत एस्टोनियाचे औपचारिक प्रमुख होते, १९९१ मध्ये स्वातंत्र्याच्या ठरावावर त्यांचीच सही आहे, आणि २००१ मध्ये ते स्वतंत्र एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले, मग दिवाळी अंकाच्या लेखात त्यांना संधिसाधू म्हणावे की राष्ट्रपुरुष? आपली जोडशंका अशी की, काही ठिकाणी त्यांचा उल्लेख देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष असा येतो आणि काही ठिकाणी तिसरे, तर त्यातले खरे कोणते. दुसरी शंका सोपी आहे, तिचे उत्तर शेवटी देतो.

पूर्व युरोपातील राजकारण्यांच्या चरित्रनोंदी लिहिणे आणि इतरांनी लिहिलेल्या तपासणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे, आणि या प्रदेशातील जवळजवळ प्रत्येक ज्येष्ठ नेत्याच्या बाबतीत आपला पहिला प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. माझ्या मते तो जरा वेगळ्या रीतीने मांडायला हवा. माणसाच्या मनात काय होते हे कागदपत्रांतून फारसे हाती लागत नाही. हाती लागते ते एवढेच, की त्याच्या पदाला प्रत्यक्षात किती अधिकार होता, कोणत्या दिवशी त्याच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि त्याने कोणती धरली. हे तीन मुद्दे लावून पाहिले, की रुटेल यांच्याविषयीची दोन्ही विशेषणे अपुरी वाटू लागतात. त्यांच्या कारकिर्दीचा खरा धागा मला पक्षनिष्ठेत किंवा पक्षांतरात दिसत नाही, तो एस्टोनियाच्या ग्रामीण भागात दिसतो. तो भाग त्यांच्यामागे होता तोवर ते निवडणुका हरूनही संपले नाहीत.

आधी एक गोष्ट मान्य करतो, की याचे उत्तर काही अंशी आपण कोणाच्या बाजूने पाहता यावर अवलंबून आहे. ज्यांच्या घरातली माणसे १९४१ किंवा १९४९ मध्ये सैबेरियात धाडली गेली, त्या एस्टोनियन माणसाला कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीचा माजी सचिव राष्ट्राध्यक्षाच्या आसनावर बसलेला पाहणे जड जाणारच, आणि तो राग खोटा आहे असे कोणीही म्हणू नये. उलट ज्या शेतकऱ्याची सामूहिक शेती १९९० नंतर मोडीत निघाली, त्याला रुटेल हेच आपल्यातले एकमेव मोठे पुढारी वाटले. लेखात दोघांनाही जागा हवी.

सुरुवातीचा भाग झटपट सांगतो. १० मे १९२८ रोजी सारेमा या एस्टोनियाच्या सर्वांत मोठ्या बेटावर त्यांचा जन्म झाला. शिक्षण शेतीचे. बेटावर कृषितज्ज्ञाची नोकरी, मग सोव्हिएत सैन्यात काही वर्षे, पुढे तार्तूच्या परिसरात पशुपालन संशोधन आणि एका आदर्श सरकारी शेतीचे संचालकपद अशी चढण चढत १९६९ मध्ये ते एस्टोनियन कृषी अकादमीचे रेक्टर झाले आणि १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले. ही आठ वर्षे चरित्रलेखक सहसा एका ओळीत उरकतात, पण मी तिथे थांबायला सांगेन. एस्टोनियासारख्या छोट्या देशात सामूहिक शेतीचे अध्यक्ष, पशुवैद्य, कृषितज्ज्ञ आणि यंत्रशाळांचे प्रमुख यांतले बरेचसे याच एका संस्थेतून बाहेर पडत. म्हणजे पुढे ज्या खेड्यापाड्यांतल्या स्थानिक पुढाऱ्यांनी रुटेल यांना मते दिली, त्यांतील अनेकांना ते ‘आमचे रेक्टर’ म्हणून आधीपासून ठाऊक होते. पक्षाचे सदस्यत्व त्यांनी १९६४ मध्ये घेतले. त्या व्यवस्थेत संचालकपदाच्या पुढे जाण्यासाठी ते जवळजवळ अनिवार्य होते, पण अनिवार्य होते म्हणून ते निष्पाप ठरत नाही, हेही लिहावे.

आता १९८३ मधील पदाकडे येऊ. ‘सर्वोच्च सोव्हिएतच्या’, म्हणजे प्रजासत्ताकाच्या विधिमंडळाच्या, ‘अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष’ हे नाव ऐकून वाचकाला वाटते की हाच माणूस देश चालवत होता. सोव्हिएत प्रजासत्ताकांविषयी लिहिताना माझी साधी रीत अशी आहे, की पदाचे नाव बाजूला ठेवायचे आणि त्याच पदावर आधी कोण आणि का बसले होते ते पाहायचे. रुटेल यांच्या आधी तिथे योहानेस कॅबिन होते. ते १९५० पासून १९७८ पर्यंत एस्टोनियन कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव, म्हणजे खरे सत्ताधारी. १९७८ मध्ये मॉस्कोने त्यांच्या जागी कार्ल वायनो यांना आणले आणि कॅबिन यांना मानाने बाजूला बसवण्यासाठी हे अध्यक्षपद दिले. यावरून त्या पदाची किंमत कळते. हुकूमनामे काढणे, पदके देणे, पाहुण्यांचे स्वागत करणे ही त्याची कामे, आणि निर्णय पक्षाच्या प्रथम सचिवाचा. वायनो हे रशियात वाढलेले आणि मॉस्कोच्या शब्दाबाहेर न जाणारे होते. त्यांच्या काळात शिक्षणात आणि कारभारात रशियन भाषेचा रेटा वाढला, आणि १९८० मध्ये चाळीस एस्टोनियन बुद्धिवंतांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले, तेव्हा रुटेल मंत्रिमंडळाचे प्रथम उपाध्यक्ष होते. त्या पत्राखाली अर्थातच त्यांची सही नाही. या वर्षांतला त्यांचा उघड विरोध शोधू नका, तो सापडायचा नाही. १९८७ पर्यंतचे रुटेल हे व्यवस्थेतले कार्यक्षम, मितभाषी अधिकारी होते, एवढेच प्रामाणिकपणे लिहावे.

खरी कसोटी लागली ती १६ नोव्हेंबर १९८८ रोजी, आणि आपल्या लेखातला सर्वांत मोठा परिच्छेद त्या दिवसाला द्यावा असे मी सुचवेन. त्या वर्षी एप्रिलमध्ये एस्टोनियन राजकारणी एडगर सावीसार यांनी दूरचित्रवाणीवरील चर्चेत लोकआघाडी या जनचळवळीची कल्पना मांडली होती, जूनमध्ये कार्ल वायनो यांची उचलबांगडी होऊन वायनो व्हॅल्यास (नाव सारखे, माणूस वेगळा) प्रथम सचिव झाले होते, आणि सप्टेंबरमध्ये राजधानी ताल्लिनच्या गीतमैदानावर लाखो लोक जमले होते. अशा वेळी मॉस्कोहून संघराज्याच्या घटनेत दुरुस्त्यांचा मसुदा आला. त्यामुळे प्रजासत्ताकांचे अधिकार आणखी आक्रसणार होते. त्याला उत्तर म्हणून एस्टोनियाच्या सर्वोच्च सोव्हिएतने सार्वभौमत्वाची घोषणा केली, म्हणजे एस्टोनियाच्या भूमीवर एस्टोनियाचा कायदा श्रेष्ठ आणि संघराज्याचा कायदा येथील मान्यतेनंतरच लागू, अशी भूमिका घेतली. बाजूने २५८ मते पडली, विरोधात एक आणि पाच तटस्थ. लक्षात घ्या, हे खुल्या निवडणुकीत निवडून आलेले सभागृह नव्हते. जुन्या पद्धतीने, एकेका जागेसाठी एकेकच उमेदवार उभा करून भरलेले हे सभागृह होते, आणि त्यानेच मॉस्कोला नाही म्हटले. सोव्हिएत संघातील कोणत्याही प्रजासत्ताकाने असे पाऊल उचलण्याची ती पहिलीच वेळ होती.

ठराव संमत करण्याची जबाबदारी २५८ जणांत वाटली गेली, पण तो घेऊन मॉस्कोला जाण्याचे काम पदामुळे रुटेल यांच्या वाट्याला आले. गोर्बाचेव्ह तेव्हा संघराज्याच्या अध्यक्षमंडळाचे अध्यक्ष होते. २६ नोव्हेंबरला त्या मंडळाने एस्टोनियाची घोषणा घटनाबाह्य ठरवून रद्द केली, आणि रुटेल यांना तिथे टीका ऐकून घ्यावी लागली. त्यांच्यापुढे एक सुरक्षित वाट नक्की होती: चूक झाली म्हणावे, परत येऊन सभागृहाकडून ठराव मागे घेववावा. ती वाट धरली असती तरी त्या व्यवस्थेत त्यांना कोणी नावे ठेवली नसती. ठराव मागे घेतला गेला नाही, आणि पुढच्या दोन वर्षांत इतर प्रजासत्ताके एकामागून एक त्याच मार्गाने गेली. संधिसाधू माणूस जिंकणारी बाजू ठरल्यावर उडी मारतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये कोणती बाजू जिंकणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. बर्लिनची भिंत पडायला अजून जवळजवळ वर्ष होते. म्हणून ‘संधिसाधू’ हे विशेषण मला या ठिकाणी टिकत नाही असे वाटते. १९८३ साठी ते वापरले तर मी वाद घालणार नाही.

१९९० आणि १९९१ ची हकिकत लिहिताना एक गफलत वारंवार होते. एका बाजूला एस्टोनिया आणि दुसऱ्या बाजूला मॉस्को असे सरळ चित्र रंगवले जाते. प्रत्यक्षात एस्टोनियन राष्ट्रवाद्यांतच मोठी फूट होती. टूने केलाम आदींच्या नेतृत्वाखालील ‘एस्टोनियाची काँग्रेस’ म्हणत होती, की १९४० मधला सोव्हिएत ताबा बेकायदा असल्याने सोव्हिएत चौकटीतील कोणत्याच संस्थेला देशाच्या वतीने बोलण्याचा हक्क नाही. आणि रुटेल ज्या सर्वोच्च परिषदेचे (सर्वोच्च सोव्हिएतचे १९९० पासूनचे नाव) अध्यक्ष होते, ती नेमकी अशीच संस्था होती. १९ ऑगस्ट १९९१ रोजी मॉस्कोत बंड झाले, रशियातील प्स्कोव्हहून सैन्याच्या तुकड्या ताल्लिनच्या दिशेने निघाल्या, तरीही ताल्लिनमधील टोम्पेआच्या टेकडीवर, जिथे परिषदेचे सभागृह होते, या दोन गटांत शब्दाशब्दावरून घासाघीस चालू होती. तोडगा असा निघाला, की स्वातंत्र्य ‘घोषित’ न करता पूर्वीच्याच प्रजासत्ताकाचे सातत्य मानून ते दृढ करायचे, आणि नवी घटना लिहिण्यासाठी दोन्ही संस्थांनी निम्मे-निम्मे सदस्य पाठवून साठ जणांची सभा बनवायची. २० ऑगस्टच्या रात्री अकरा वाजून गेल्यावर ६९ मतांनी ठराव झाला. त्या वेळी सभागृहाचे कामकाज चालवत होते युलो नुगिस. हातोडा मारतानाचे प्रसिद्ध छायाचित्र त्यांचे आहे, रुटेल यांचे नव्हे. ठरावाखालची सही मात्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून रुटेल यांची. छायाचित्राची ओळ लिहिताना एवढी काळजी घ्यावी, ही चूक मी छापील मजकुरातही पाहिली आहे.

यानंतरचा भाग मला सर्वांत रसाळ वाटतो आणि आपल्या लेखात तो अजिबात नाही, असे आपण दिलेल्या आराखड्यावरून दिसते. सप्टेंबर १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची पहिली निवडणूक झाली. केवळ त्या एका वेळेपुरती पहिली फेरी जनतेच्या मतदानाने घ्यायची, आणि कोणाला निम्म्याहून अधिक मते न पडल्यास पहिल्या दोघांतून संसदेने, म्हणजे रीगिकोगूने, एकाची निवड करायची, असा नियम होता. रुटेल यांना सुमारे ४२ टक्के मते पडली आणि लेन्नार्ट मेरी यांना सुमारे साडेएकोणतीस. मेरी हे लेखक, चित्रपटकार, लहानपणी कुटुंबासह सैबेरियात धाडले गेलेले, राजनैतिक अधिकाऱ्याचे चिरंजीव. पण त्याच दिवशी झालेल्या संसदीय निवडणुकीत मार्ट लार यांचा इसामा गट सर्वांत मोठा ठरला होता, आणि ५ ऑक्टोबरला सभागृहाने मेरी यांना ५९ विरुद्ध ३१ मतांनी निवडले.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण आपल्या प्रश्नात तो डोकावतो. रुटेल यांना ती मते रशियन भाषिक स्थलांतरितांमुळे पडली असे आपण वाचले आहे. तसे होणे कठीण होते. १९९२ च्या आरंभी जुना नागरिकत्व कायदा पुन्हा लागू झाला, आणि १९४० पूर्वीचे नागरिक व त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिकत्व मिळाले. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेल्या बहुसंख्य लोकांना त्या निवडणुकीत मतदानच करता आले नाही. १९८९ च्या जनगणनेत एस्टोनियन लोकांचे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते, पण मतदारांत ते त्याहून फार अधिक होते. म्हणजे रुटेल यांचे ४२ टक्के बहुतांशी एस्टोनियन मतदारांचेच होते. खेड्यातल्या आणि वयस्कर मतदाराला हा सौम्य बोलणारा, ओळखीचा माणूस जवळचा वाटत होता, आणि ताल्लिन-तार्तूच्या सुशिक्षित वर्गाला तोच भूतकाळाचा प्रतिनिधी वाटत होता.

पुढच्या काही वर्षांत ही दरी रुंदावली. पंतप्रधान झालेल्या लार यांच्या सरकारने धडाक्याने बाजारव्यवस्था आणली, सरकारी मदत काढून घेतली, सामूहिक शेती मोडली. देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेला त्याचा लाभ झाला असे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात, पण शेतीवर जगणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली आणि कित्येक गावांत दुधाचे गोठे ओस पडले. रुटेल यांनी १९९४ मध्ये ग्रामीण जनतेच्या पक्षाचे नेतृत्व स्वीकारले. तोच पुढे ‘लोकसंघ’ या पक्षात रूपांतरित झाला. १९९६ मध्ये ते पुन्हा मेरी यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि निवडमंडळात १९६ विरुद्ध १२६ असे हरले. दोनदा हरलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या माणसाची नोंद कोशकार इथे सहसा मिटवून टाकतो.

२००१ मध्ये ते जिंकले कसे, हे कळायला निवडमंडळाची रचना पाहावी लागते. संसदेत १०१ पैकी ६८ मते कोणालाच न मिळाल्यास निवड मोठ्या मंडळाकडे जाते, आणि त्यात खासदारांबरोबर प्रत्येक स्थानिक परिषदेचा किमान एक प्रतिनिधी असतो. त्या वर्षी मंडळात ३६७ जण होते, म्हणजे २६६ स्थानिक प्रतिनिधी. देशातली सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या ताल्लिनमध्ये राहते, पण ताल्लिनला जागा फक्त दहा. उलट हजार-दीड हजार वस्तीच्या ग्रामीण परिषदेलाही एक जागा. या गणितात खेड्यांचे पारडे जड होणारच, आणि खेड्यांत लोकसंघाचे जाळे सर्वांत दाट होते. त्यात सत्ताधारी आघाडीने एकच उमेदवार न देता टोमास सावी आणि पेटर टुल्व्हिस्टे असे दोघे उभे केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये समाजशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘दोन एस्टोनिया’ तयार झाल्याचा जाहीर इशारा दिला होता, आणि तो शब्द सर्वतोमुखी झाला होता. २१ सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत रुटेल यांनी सावी यांचा १८६ विरुद्ध १५५ मतांनी पराभव केला. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. परदेशी वृत्तपत्रांनी ‘माजी कम्युनिस्ट परतला’ असे मथळे दिले. माझ्या वाचनाप्रमाणे त्या दिवशी कम्युनिझम परतला नव्हता, गावाने शहराला उत्तर दिले होते.

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांच्या हाती अधिकार थोडेच होते, कारण एस्टोनियात कारभार पंतप्रधान चालवतो. तरी दोन गोष्टी नोंदवाव्यात. सप्टेंबर २००३ मध्ये युरोपीय संघात जाण्यावर सार्वमत झाले, तेव्हा सर्वाधिक साशंकता ग्रामीण भागातच होती, आणि तिथे ज्याचा शब्द ऐकला जाईल असा नेता रुटेलच होते. त्यांनी होकाराचे आवाहन केले आणि ६७ टक्क्यांच्या आसपास लोकांनी बाजूने मत दिले. त्यांच्या आवाहनाने नेमकी किती मते वळली हे मोजता येत नाही, म्हणून ‘त्यांच्यामुळेच’ असे लिहू नये. दुसरी गोष्ट मे २००५ मधली. महायुद्धाच्या विजयाच्या साठाव्या वर्धापनदिनाचे मॉस्कोचे निमंत्रण त्यांनी नाकारले. लिथुआनियाच्या राष्ट्राध्यक्षांनीही नाकारले, लॅटव्हियाच्या राष्ट्राध्यक्षा मात्र गेल्या. ज्यांना ‘मॉस्कोचा माणूस’ म्हटले जात होते, त्यांनी घेतलेला हा निर्णय त्यांच्या टीकाकारांनाही बुचकळ्यात टाकणारा होता.

२००६ मध्ये त्यांनी पुन्हा उमेदवारी केली, पण संसदेच्या फेऱ्यांत न उतरता थेट निवडमंडळात उतरण्याचे ठरवले. २००१ मध्ये जमलेले गणित पुन्हा जमेल, हा हिशेब त्यामागे असावा. कायद्याला ते धरून होते, पण संसद टाळण्याचा हा डाव अनेकांना खटकला, मलाही तो त्यांच्या एकूण स्वभावाला विसंगत वाटतो. टोमास हेन्ड्रिक इल्वेस १७४ विरुद्ध १६२ मतांनी जिंकले. संधिसाधूपणाचा आरोप करायचाच असेल, तर १९८८ पेक्षा हा प्रसंग त्यासाठी अधिक योग्य आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी इन्ग्रिड रुटेल या लोकगीतांच्या नामवंत अभ्यासक आहेत; त्यांच्यावर एक स्वतंत्र चौकट देता आली तर जरूर द्यावी.

आता पहिले की तिसरे, या शंकेविषयी. १९८३ ते १९९२ या काळात रुटेल देशाचे औपचारिक प्रमुख होते, पण राष्ट्राध्यक्ष नव्हते. आधी ते सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाचे आणि १९९० पासून सर्वोच्च परिषदेचे अध्यक्ष होते. एस्टोनिया स्वतःला १९१८ च्याच प्रजासत्ताकाचे सातत्य मानत असल्याने राष्ट्राध्यक्षांची गणना १९३८ मधील कॉन्स्टान्टिन पॅट्स यांच्यापासून सुरू होते. पॅट्स पहिले, मेरी दुसरे, रुटेल तिसरे. आपल्या मथळ्यात ‘तिसरे राष्ट्राध्यक्ष’ असेच ठेवावे, आणि १९९२ पूर्वीच्या प्रत्येक उल्लेखात ‘राष्ट्राध्यक्ष’ हा शब्द टाळून त्या त्या वर्षीचे पदनाम लिहावे.